फोटोमागचं नाव

मागच्या महिन्यात सीताबर्डीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना नाटक-सिनेमाच्या जुन्या फोटोंचा गठ्ठा हाती लागला. विक्रेता म्हणाला, "बालगंधर्वांचा पाहिजे का मॅडम? त्याले गिऱ्हाईक हाय. ह्या बाया कोन, काय मालूम!"

स्त्रीवेषातल्या पुरुषाचं नाव टिकलं, खऱ्या बाईचं नाही. हा निव्वळ योगायोग आहे का?

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी बाई मिळाली नाही. तारामती झाले अण्णा साळुंके. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाई लेकीला घेऊन नाटकात काम करून पोट भरत होत्या. समाजाने त्यांना नावं ठेवली. आज त्यांची ओळख कशी करून दिली जाते? विक्रम गोखल्यांची पणजी! सरस्वतीबाई फाळक्यांनी दागिने दिले, फिल्म धुतली, कामगारांना रांधून घातलं. त्या 'पत्नी' म्हणूनच उरल्या.

अमेरिकेत १८८०च्या दशकात सिगारेटच्या पाकिटांतून नट्यांची चित्रं वाटत. ती जमवायला पुरुष पाकिटं विकत घेत. चेहऱ्याला किंमत होती, बाईच्या कष्टाला नव्हती. संग्राहकांना मी दोष देत नाही. त्यांच्यामुळेच कितीतरी कागद वाचले. पण बाजार मागणी असलेलंच जपतो. आपला इतिहास त्याच्या भरवशावर कसा सोडायचा?

आणि मैत्रिणींनो, आपण तरी काय करतो? जुलै १९४२मध्ये याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. हजारो बाया आल्या होत्या. त्यातल्या किती जणींची नावं आपण सांगू शकू? आपल्याच कपाटातले मोर्चे-शिबिरांचे फोटो काढून बघा. मी बघितले. मागे फक्त 'महिला मेळावा' लिहिलेलं. काहींवर तेही नाही. पाहुण्यांची नावं मात्र ठळक.

पुढच्या बैठकीत हे फोटो घेऊन बसू या. जुन्या कार्यकर्त्यांना, वस्तीतल्या आज्यांना बोलावू या. ही कोण, कुठल्या गावची, त्या दिवशी तिनं काय केलं, हे विचारून फोटोमागे पेन्सिलीने लिहू या. हे काम फुरसतीचं नाही. सांगणाऱ्या एकेक करून चालल्या आहेत.