जन्मतारखेचा पंचनामा

डिसेंबर उजाडला की मोबाइलवर एक जुनाच शोध नव्याने फिरू लागतो: २५ डिसेंबर हा येशूचा जन्मदिवस नव्हेच, सूर्यपूजक रोमनांचा सण ख्रिस्ती लोकांनी पळवला! पाठवणाऱ्याच्या अंगात चोर पकडल्याचा उत्साह असतो.

मुळात बायबलात जन्माची तारीखच नाही. त्यासाठी गुप्तहेर कशाला? रोममध्ये इ.स. ३५४ साली सिद्ध झालेल्या एका पंचांगवजा पोथीत २५ डिसेंबरला ‘अजिंक्या’चा, म्हणजे बहुधा सूर्यदेवाचा, जन्मदिन नोंदला आहे. त्याच पोथीतल्या दुसऱ्या यादीत ख्रिस्तजन्मही त्याच तारखेला आहे. कोणी कोणाचे उचलले, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. काहींच्या मते हिशेब साधा होता: मरियेला गर्भ राहिला तो २५ मार्चला असे मानले, पुढे नऊ महिने मोजले. आर्मेनियन चर्च तर अजूनही ६ जानेवारीलाच हा सण करते.

जन्मदिनाला लॅटिनमध्ये ‘नातालिस’. पोर्तुगीजांनी त्याचे ‘नाताल’ केले आणि आपण नाताळ. त्या रोमन नोंदीतही शब्द हाच आहे. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तो दर डिसेंबरला छापून येतो, कोणाची हरकत नसते.

उसना सण टाकून देण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे, आणि तो केला कट्टर ख्रिस्ती मंडळींनीच. बायबलात नाही ते नको, म्हणून प्युरिटनांच्या वर्चस्वाखालील इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ बंद केला. कँटरबरीत त्या दिवशी दुकाने उघडायला लावली, तर लोकांनी दंगल केली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. इंग्लंडात १६६० मध्ये राजा परतला, त्याच्यामागून सणही. मॅसॅच्युसेट्सने दंड उठवला १६८१ मध्ये.

राहता राहिला सूर्य. रोमन परंपरेत २५ डिसेंबर हा सूर्य मागे फिरण्याचा दिवस. पण चौथ्या शतकापर्यंत खरा दिवस चारेक दिवस अलीकडे सरकला होता. आपल्याकडेही घसरण त्याच दिशेची. सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला आणि उत्तरायण म्हणून आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला. तारीख चुकली म्हणून कोणी तिळगूळ परत केल्याचे ऐकिवात नाही.