उसाचे बिल एकदा, घरखर्च रोज



या पानावर आम्ही बेण्याबद्दल, खतांबद्दल नाहीतर हुमणीबद्दल लिहितो. तेच आमचे काम आहे. परंतु गट कार्यालयात वीस हंगाम काढल्यावर आमचे मत असे झाले आहे की, हुमणी जेवढे खाते तेवढेच बिलाची आखणी नसल्यामुळे जाते. फरक एवढाच, की हुमणी खणून दाखवता येते.

नोकरदाराचा पगार महिन्याला होतो. दुधाचे बिल दहा दिवसांनी येते. उसाचे मात्र तसे नाही. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात केली तर तोड पुढच्या वर्षीच्या डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे सोळा-सतरा महिने नुसते घालायचे. त्या काळात किराणा, शाळेची फी, दवाखाना, पाहुणेरावळे कोणीच थांबत नाही. मग एके दिवशी मोबाईलवर मेसेज येतो, खात्यावर लाखांत रक्कम दिसते, आणि माणूस त्या दिवसापुरता श्रीमंत होतो. त्या आठवड्यात गाडी बुक होते, बंगल्याचा पाया निघतो, भाऊबंदाला हातउसने दिले जातात. गुढीपाडवा आला की पुन्हा दुकानदाराची वही उघडते.

एक हिशेब मांडू. समजा दोन एकर आडसाली आहे, एकरी पन्नास टन पडला आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,००० रुपये मिळाले. एकूण ३ लाख झाले. सोसायटीची वसुली परस्पर बिलातून जाते, ती व्याजासह १ लाख १० हजार धरा. राहिले १ लाख ९० हजार. खोडव्याची खते, मजुरी, पाणीपट्टी यांना ४० हजार बाजूला काढले तर हातात दीड लाख. खोडव्याचे बिल येणार बारा महिन्यांनी. म्हणजे महिन्याला १२ हजार ५०० रुपये झाले. बिल लाखाचे दिसते, पण संसार या साडेबारा हजारांवर चालवायचा असतो. आमचे म्हणणे इतकेच की हा भागाकार तोडीच्या आधी, कागदावर, घरातल्या कारभारणीला शेजारी बसवून करावा. बिल आल्यावर कोणी करत नाही. आम्हीही पगार झाल्यावर करत नाही, हे कबूल केले पाहिजे.

खरी अडचण खोडव्यानंतर आहे आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. खोडवा डिसेंबरात तुटला, रान मोकळे झाले, आडसालीची लागण येत्या जुलैत, तिची तोड त्याच्या पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे या दोन बिलांमध्ये चोवीस महिने जातात! खोडव्याचे टनेज आधीच कमी, आणि पुरवायचे मात्र दुप्पट दिवस. हे वर्ष कोरडे जाणार, हे लागणीच्या दिवशीच ठरलेले असते. तरी ते आले की जो तो नशिबाला दोष देतो. कित्येक जण केवळ या चणचणीपायी निडवा राखतात, मग टनेज आणखी घसरते, आणि कर्ज आहे तिथेच राहते.

यावर आम्हाला सुचलेला उपाय शेतकी खात्याचाच आहे. लागणीच्या तारखा म्हणजे पैशाच्या तारखा, असे समजून लागण करावी. सगळे रान एकाच जुलैत लावू नये. निम्मे यंदा, निम्मे पुढच्या वर्षी लावले तर तीन वर्षांत एकही वर्ष बिलाशिवाय जात नाही. खोडवा निघाल्यावर मोकळ्या रानात उन्हाळी भुईमूग, लागण लांबवलेल्या निम्म्या रानात सोयाबीन आणि त्यामागे हरभरा. पैसा थोडा, पण अडचणीच्या दिवसांत येतो. आडसालीत सोयाबीनचे आंतरपीक पहिल्या तीन-चार महिन्यांत निघून जाते. सगळ्यांच्या रानाला हे जमेल असे नाही. पाणी आणि माणूसबळ बघूनच करावे. आणि पीक कर्ज मुदतीत फेडावे. तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला वेळेवर फेडणाऱ्यास व्याज सवलत मिळते, ती थकबाकीत गेल्यावर मिळत नाही. सोसायटीचे थकवून सावकाराचे भागवणे, हा उलटा व्यवहार आम्ही दर हंगामात पाहतो.

आता आमच्या चुकीबद्दल. दोन हंगामांमागे आमच्या गटातले एक वयस्कर सभासद डिसेंबरच्या सुरुवातीला आले. "साहेब, टोळी कधी देता?" आम्ही सवयीने म्हणालो, "आप्पा, आठ दिवसांत लावतो." पुढे अवकाळी पाऊस झाला, रानात गाडी शिरेना, त्यात एक टोळी निम्म्यातून गावी निघून गेली. ऊस तुटला जानेवारीच्या अखेरीस. मधल्या काळात आप्पांनी आमच्या शब्दावर मुलीच्या लग्नाची तारीख धरली होती आणि महिना तीन टक्क्यांनी एक लाख उचलले होते. पैसे फिटेपर्यंत तीन महिने गेले. नऊ हजार रुपये नुसते व्याज! ते कार्यालयात आले आणि चार माणसांसमोर आम्हाला नाही नाही ते बोलले. आम्हीही चढ्या आवाजात पावसाकडे बोट दाखवले. संध्याकाळी घरी गेल्यावर जेवण गेले नाही. पाऊस आमच्या हातात नव्हता हे खरे. पण "आठ दिवस" हा शब्द आमच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. माफी मागितली म्हणण्यापेक्षा ओट्यावर बसून चहा घेतला आणि चूक आमची झाली असे सांगितले. आप्पा म्हणाले, "नाही म्हणाला असता तरी चाललं असतं की हो." तेव्हापासून आम्ही आणि आमचे चिटबॉय यांनी तारीख सांगणे सोडले आहे. क्रमपाळीत आपल्या पुढे किती एकर आहे तो आकडा सांगतो. सभासदांनीही तोच आकडा विचारावा. ऊस पोहोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत आणि उशीर झाल्यास वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज द्यावे, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे आणि त्याचा जाब आम्हाला जरूर विचारावा. पण ते चौदा दिवस ऊस पोहोचल्यापासून मोजतात, आमच्या शब्दापासून नव्हे. लग्नाची तारीख वजनाची पावती हातात आल्यावर धरावी.

टोळीशी वागण्याबद्दलही थोडे लिहिणे भाग आहे. बीडकडचा कोयता आपल्या बांधावर येतो तेव्हा त्याने मुकादमाकडून घेतलेली उचल बहुतेक वेळा गावीच संपलेली असते. आपण बिलाआधी खर्च करतो, तो कामाआधी करतो. दोघांची अडचण एकच आहे. पहाटेच्या थंडीत नवराबायको फडात असतात, पोर बांधावर झोळीत असते. त्यांना पिण्याचे पाणी आणि रात्री गाडी भरताना उजेड दिला तर आपले काय जाते? रागावलेला तोडकरी बुडखा वीतभर वर ठेवून तोडतो. वजन आणि साखर बुडाकडच्या कांड्यांत जास्त, ती रानातच राहते, आणि उंच बुडख्यावरचा खोडवाही नीट फुटत नाही. एका शिवीची किंमत अशी दोन हंगाम भरावी लागते.

म्हणून खुशाली द्यावी, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. एकाने मुकाट्याने दिली की शेजाऱ्याच्या रानात तिचा दर ठरतो. मागणी झाली तर भांडत बसू नये. वाहनाचा नंबर लिहून घ्यावा आणि त्याच दिवशी गट कार्यालयात सांगावे. आम्ही मुकादमाशी बोलू. तोड संपल्यावर सांगून काही हाती लागत नाही.

शेवटी एक नाजूक गोष्ट. देणी झाली की माणूस पारावर येणे बंद करतो, फोन उचलत नाही, रात्री जागा राहतो. घरच्यांना कळते, पण बोलत कोणी नाही. आमच्या अनुभवात आकडा मोठ्याने सांगितला की त्याचे ओझे थोडे उतरते; भावाला सांगा, सोसायटीच्या सचिवाला सांगा, आम्हाला सांगा. हप्ते पाडून घेता येतात का, ते बघता येते. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते. त्यात कमीपणा नाही. दाढ दुखल्यावर आपण डॉक्टरकडे जातोच ना?

आप्पांचा खोडवा गेल्या हंगामात तुटला. परवा ते लागणीची नोंद करायला आले, सोबत काकूही होत्या. दोन एकरांपैकी एकच एकर लिहायला सांगितला, दुसऱ्यात सोयाबीन म्हणाले. आम्ही नोंदवहीत लागणीची तारीख लिहिली. काकूंनी पिशवीतून मुलांची जुनी वही काढली आणि तोड कधी येईल ते विचारले. "तारीख लिहू का, साहेब?"

"महिनाच लिहा," आम्ही म्हणालो.