सहलीच्या पिशवीतला चाकू



नाशिक जिल्ह्यातील एका उपासिका ताईंचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांच्या बुद्धविहारातील तरुण मंडळी हिवाळ्यात लेणी पाहण्यास निघणार आहेत. आधी कार्ले, भाजे, बेडसे आणि परतताना कान्हेरी. दोन रात्री मुक्काम, स्वयंपाक आपला आपण. ताईंचा मुलगा बारावीत आहे. कांदे-बटाटे चिरणे, दोरी कापणे ही कामे त्याच्या वाट्याला आली आहेत. त्याने फुटपाथवर एक काळा, बटन दाबताच फटकन उघडणारा चाकू पाहून ठेवला आहे आणि तोच हवा म्हणून हट्ट धरला आहे. ताई लिहितात, "पाचशे रुपयांच्या आत घेऊन द्यायला माझी ना नाही. पण आपल्या पोराच्या पिशवीत चाकू निघाला, तर तो कांदे चिरायचा आहे हे कोण मानणार? आणि पंचशील घेणाऱ्या घरात चाकू असावा का?"

ताईंचा प्रश्न साधा नाही. त्यात आईची काळजी आहे आणि आपल्या समाजाने सोसलेला अनुभवही आहे. म्हणून या वेळी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी दुसरा प्रश्न घेऊ. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, सुई, कंबरपट्टा व पाणी गाळण्याचे वस्त्र यांच्याबरोबर एक वस्तराही असतो, हे आपण श्रामणेर शिबिरात पाहतोच. विनयपिटकातील चुल्लवग्गात तर चाकूचीच हकीकत आली आहे. भिक्खू चीवराचे कापड हाताने फाडत, त्यामुळे ते वेडेवाकडे फाटे. हे कळताच भगवंतांनी लहान चाकू बाळगण्याची, आणि तो ठेवण्यासाठी लोकरी कापडाच्या म्यानाची अनुज्ञा दिली. पुढे काही भिक्खूंनी त्या चाकूंना सोन्याचांदीच्या मुठी बसवल्या. लोक नावे ठेवू लागले. तेव्हा अशा मुठी वर्ज्य ठरल्या. हाड, शिंग, बांबू, लाकूड, लाख, शंख अशा साध्या वस्तूंच्या मुठी चालतील असे ठरले.

या लहान चाकूला पालीत 'सत्थक' म्हणतात, आणि शस्त्राला 'सत्थ'. उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत म्हणून अंगुत्तर निकायात सांगितले आहे, त्यांत पहिला व्यापार 'सत्थाचा', म्हणजे शस्त्रांचा. शब्द एकाच घरातले, पण एक वर्ज्य आणि दुसरे भिक्खूच्या झोळीत. फरक कशाचा? एक माणसावर उगारायचे आणि दुसरे कापडावर चालवायचे. ताईंनी मुलाला एवढेच सांगावे : आपल्याला सत्थक घ्यायचे आहे, सत्थ नव्हे. चाकू कामाचा असावा, मिरवण्याचा नसावा. आमचे सारे सांगणे या एका वाक्यात आहे. गंमत अशी की, जो चाकू साधा तोच स्वस्त, तोच टिकाऊ आणि तोच पोलिसांपुढे निर्धास्तपणे दाखवता येण्याजोगा असतो.

आता निवड कशी करावी ते पाहू.

पाते केवढे असावे? सहलीत चाकूला काम काय असते? कांदा, काकडी, लिंबू कापणे, सुतळी तोडणे, पुडा उघडणे, चुलीसाठी काटकी सोलणे. यातल्या कोणत्याही कामाला तीन इंचांहून, म्हणजे सात-आठ सेंटिमीटरहून लांब पाते लागत नाही. जाडी दोन ते अडीच मिलिमीटर पुरे. पाते जाड असले की कांदा चिरला जात नाही, फुटतो. दोन्ही बाजूंनी धार असलेले, करवतीसारखे दाते पाडलेले किंवा नक्षीची भोके असलेले पाते घेऊ नये. दात्यांना घरच्या दगडावर धार लावता येत नाही, आणि दुधारी पात्याचा जन्म भाजी चिरण्यासाठी झालेला नसतो.

पोलाद कोणते? कार्बन पोलादाला धार चटकन लागते, पण लिंबू कापून तसेच ठेवले की ते काळे पडते आणि पावसाळी हवेत गंजते. स्टेनलेसला धार लावायला थोडी जास्त मेहनत पडते, पण गंजाची धास्ती कमी. कोकणात राहणाऱ्यांनी व विसराळू मंडळींनी स्टेनलेस घ्यावे. पात्यावर 'सर्जिकल स्टील' असे कोरलेले असले म्हणून भुलू नये. त्यावरून धार किती टिकेल हे कळत नाही.

लॉक असावे का? घडीचा चाकू धोका देतो तो बहुधा वापरताना पाते अवचित मिटून. काही चाकूंचे पाते नुसते स्प्रिंगच्या दाबावर उभे राहते. ते चिरायला ठीक, पण त्याने टोचायला किंवा भोक पाडायला जाऊ नये. लॉकचा चाकू त्याहून सुरक्षित. कुठे मुठीच्या पाठीवर दाबायची पट्टी असते, कुठे मुठीच्या आत पत्र्याची पट्टी, तर कुठे फिरते कडे. आतल्या पट्टीचा चाकू मिटताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो, म्हणून नवशिक्याला पाठीवरच्या पट्टीचा किंवा कड्याचा चाकू बरा.

मूठ कशी असावी? चारही बोटे मावतील एवढी. हात ओले करून धरून पाहावी. चकचकीत गुळगुळीत मूठ ओल्या हातात सटकते. लाकडाची किंवा खरखरीत प्लास्टिकची मूठ उत्तम. गडद रंगाचा चाकू गवतात पडला की सापडत नाही. मुठीला लाल सुतळीची गाठ मारून ठेवावी.

फ्रान्समधील सावोय प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली बनवलेला घडीचा चाकू याच विचाराचा आहे. लाकडी मूठ आणि एकच पाते. १९५५ पासून पाते अडकवायला फिरते कडे. त्याच्या आठ नंबरच्या मापाचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे. शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या खिशातली ही वस्तू जगभर गेली ती साधेपणामुळे. आपल्याकडे तो मिळतो, पण ताईंच्या पाचशे रुपयांत बसत नाही. म्हणून आम्ही वेगळी वाट सुचवतो. तालुक्याच्या गावी शेतीच्या अवजारांच्या दुकानात कलमे बांधण्याचा घडीचा चाकू मिळतो. त्याचे पाते लहान, सरळ आणि चांगल्या पोलादाचे असते. काहींना एकाच बाजूने धार असते, एवढे लक्षात ठेवावे. डावखुऱ्याला ते अडचणीचे होते. सुरी, चमचा, काटा, कात्री, बाटली उघडणे असे सारे एकत्र असलेले स्वस्त चाकू मात्र टाळावेत. दहा अवजारे कमी पैशांत मिळतात तेव्हा दहाही कच्ची असतात.

दुकानात पुढील पाच गोष्टी तपासल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

१. चाकू दहा वेळा उघडून मिटावा. कुठे अडकू नये, आणि फार ढिलाही नसावा.
२. पाते उघडे ठेवून हळूच डावी-उजवीकडे हलवून पाहावे. रिव्हेटपाशी हलत असेल तर परत करावा.
३. मिटल्यावर टोक मुठीत पूर्ण दडले पाहिजे. खिशावरून हात फिरवताना टोचता कामा नये.
४. लॉक लावून पात्याची बोथट पाठ लाकडी फळीवर हलके दाबावी. बोटे पात्याच्या वाटेत ठेवू नयेत. पाते मिटू लागले तर तो चाकू नको.
५. कागद हातात धरून मुळापासून टोकापर्यंत पाते ओढावे. जिथे कागद अडकेल तिथे धारेला खाच आहे असे समजावे.

आता ताईंची पहिली काळजी, कायद्याची. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांत मोजली आहेत. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामाची अवजारे त्यातून वगळली आहेत. तीन इंचांचा भाजीचा चाकू त्यात येत नाही. बटनाच्या चाकूची गोष्ट वेगळी. दिल्लीत १९८० सालच्या अधिसूचनेने ठरावीक मापापुढचे बटनचाकू शस्त्र कायद्याखाली आणले आहेत. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी बटनाचा चाकू पाहिल्यावर कोणाच्याही मनात कांदा येत नाही, भांडण येते. म्हणून त्या काळ्या चाकूला आमचा स्पष्ट नकार आहे.

आणखी दोन गोष्टी प्रत्येक घराने ध्यानात ठेवाव्यात. महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा काठी, भाला यांच्याबरोबर चाकूही बाळगता येत नाही. तेथे पात्याच्या लांबीचा प्रश्न उरत नाही. म्हणून ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर, १ जानेवारीला भीमा कोरेगावला किंवा कोणत्याही मोर्चाला जाताना पिशवीतला चाकू आठवणीने घरी काढून ठेवावा. भाकरी-चटणीला चाकू लागत नाही. आपल्या एका पोराच्या खिशातला चाकू साऱ्या समुदायाच्या नावावर लिहिला जातो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट कान्हेरीची. ही लेणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत चाकूचाही समावेश आहे, आणि परवानगीवाचून शस्त्रासह उद्यानात शिरता येत नाही. तेव्हा मंडळींनी कान्हेरीचा दिवस वेगळा ठेवावा, फळे घरूनच कापून न्यावीत आणि चाकू मुक्कामी ठेवावा. विमानाने जाणाऱ्यांनी तो हातातल्या पिशवीत ठेवू नये.

इतर वेळी चाकू खिशात न ठेवता भांडी, कांदे, दोरी यांच्याबरोबर पिशवीत ठेवावा. कोणी विचारले तर लपवाछपवी न करता काढून दाखवावा. कांद्यांच्या शेजारी ठेवलेला चाकू आपली साक्ष आपणच देतो.

निगा फार नाही. वापरल्यावर धुऊन पुसून कोरडा करावा, रिव्हेटपाशी अडकलेली वाळू जुन्या दातब्रशने काढावी आणि तेथे खोबरेल तेलाचा एक थेंब सोडावा. धार लावण्यासाठी दोन बाजूंचा, एक खरखरीत आणि एक मऊ, असा दगड घ्यावा. पाते दगडावर सुमारे वीस अंशांत तिरके धरायचे असते. हा कोन कसा ओळखावा? कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की पंचेचाळीस अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. त्या घडीजवळ पाते धरून पाहावे, चार दिवसांत हात बसतो. बोथट चाकू सुरक्षित, असे घरोघरी म्हणतात ते खोटे आहे. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की ते घसरून हातावर येते.

मुलाला तीन नियम घालून द्यावेत. दुसऱ्याला द्यायचा तो मिटूनच द्यायचा. कापताना पाते अंगाकडे ओढायचे नाही. उघडा चाकू घेऊन चालायचे नाही. लागलेच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे, हात उंच ठेवावा. जखम खोल असेल तर दवाखाना गाठावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे.

शेवटी एक चौथा नियम, आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. लेण्यांच्या भिंतींवर चाकूच्या टोकाने कोरलेली नावे, बाण, बदाम आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. २०१० च्या दुरुस्तीनंतर संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण भीती कायद्याची नसावी. कान्हेरीला ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे. कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने तेथे एक वाट दान केल्याची ती नोंद आहे. कार्ल्याला तर सामी नावाच्या सुताराचे नाव दाराशी कोरलेले आहे. ही राजे-महाराजांची नावे नव्हेत; हातात अवजार धरणाऱ्या माणसांची आहेत. त्यांचे नाव दगडावर आले, कारण त्यांनी काही दिले. आपण काही न देता त्याच दगडावर आपले नाव ओरबाडायचे, हे त्यांच्या लेकरांना शोभत नाही.

ताई, मुलाला चाकू जरूर घेऊन द्या. साधा, तीन इंची, लाकडी मुठीचा. आणि तो हाती देताना नंद लोहाराची गोष्ट सांगायला विसरू नका.

नमो बुद्धाय! जयभीम!