नवी सिस्टर घडवणं हेही कामच आहे, त्याला फुकटची सेवा समजू नका

‘ही पोरगी नको, जुन्या सिस्टरला बोलवा.’

सांगवीचा पेशंट असो नाहीतर इंदापूरकडचा, वॉर्डात हे वाक्य मला सारखं ऐकू येतं. नव्या सिस्टरला शीर सापडत नाही, दुसऱ्यांदा सुई टोचावी लागते आणि नातेवाईक चिडतात. तुमची काळजी मला कळते. पण एक सांगा, तुम्हाला हवी असलेली ती जुनी सिस्टर आली कुठून? तीही कधीतरी नवीच होती आणि तिच्या शेजारी कुणीतरी उभं होतं.

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे हात तयार झाला का?

एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा. त्यात औषधांची नावं, डोस, शरीररचना, प्रात्यक्षिकं हे सगळं शिकवतात. पण पेशंटच्या चेहऱ्याकडे बघून ‘हा बिघडतोय’ हे ओळखणं अनुभवानेच येतं. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन नर्स-अभ्यासक महिलेने १९८४ साली नवशिकी ते निष्णात अशा नर्सच्या पाच पायऱ्या मांडल्या. एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं काढल्यावर नर्स मधल्या पायरीवर पोचते, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडे मात्र कित्येकदा नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तिला एकटीने नाईट करावी लागते.

आपल्या नीरेकाठचंच उदाहरण घ्या. रात्री उसाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला साप चावला आणि तो दवाखान्यात आला. घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. ते बघण्यासाठी थोडं रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतात, ती नळी २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग एकदा तिरकी करून बघतात. चाचणी एवढी साधी, पण नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर चांगलं रक्तही गोठत नाही. मग गरज नसताना सापाच्या विषावरचं औषध दिलं जाऊ शकतं. आणि त्या औषधाचीच काहींना तीव्र ॲलर्जी येते. म्हणून अनुभवी सिस्टर नवीला सांगते, ‘आधी ॲड्रिनलीन भरून हाताशी ठेव, मगच सलाईन सुरू कर. आणि पहिला तासभर पेशंटपासून हलायचं नाही.’ हे पुस्तकात असतं, पण रात्री दोन वाजता, धावपळीत, ते आठवून द्यायला शेजारी माणूस लागतो.

मग जुन्या सिस्टर शिकवत का नाहीत?

‘त्या खडूस असतात’ असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिकाऊ रुग्णालयात तीन पेशंटमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच पेशंटमागे एक नर्स हवी. तुम्ही ॲडमिट होतात तेव्हा किती होत्या ते आठवा. स्वतःचंच काम संपत नसताना तिने शिकवायचं कधी? शिकवलं तर पगारात फरक नाही, बढतीत नोंद नाही. उलट नवीची चूक झाली की ‘तुमचं लक्ष कुठे होतं?’ हा प्रश्न तिलाच.

एक गोष्ट मात्र जुन्या सिस्टरनाही सांगायला हवी. ‘आम्हाला कुणी शिकवलं होतं?’ म्हणत नवीला पेशंटसमोर झापणं चूकच आहे. झापलेली मुलगी पुढच्या वेळी चूक लपवते आणि लपवलेली चूक पेशंटला भोवते.

हे जमू शकतं

सोलापूरच्या पलीकडे, कर्नाटकातल्या गुलबर्गा आणि बल्लारी जिल्ह्यांत २०१२-१३ च्या सुमारास असा प्रयोग झाला. प्रशिक्षण दिलेल्या मार्गदर्शक नर्स प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन तिथल्या स्टाफसोबत राहून बाळंतपणाचं काम शिकवत होत्या. जिथे त्या जात होत्या तिथल्या नर्सचं ज्ञान आणि केंद्राची तयारी इतर केंद्रांपेक्षा चांगली दिसली. तिथे मार्गदर्शन हेच त्यांचं नेमलेलं काम होतं. जाता जाता करायचं काम नव्हतं.

म्हणून आम्हा डॉक्टरांना, दवाखान्याच्या मालकांना आणि सरकारला माझं सांगणं आहे:

- ड्युटीच्या तक्त्यावर मार्गदर्शक सिस्टरचं नाव लिहा आणि त्या पाळीत तिला पेशंट कमी द्या.
- शिकवण्याचा भत्ता द्या, बढतीच्या वेळी ते काम मोजा.
- जिला शिकवायची आवड आहे तिलाच निवडा. उत्तम सिस्टर उत्तम शिक्षिका असतेच असं नाही.
- सुरुवातीचे काही महिने नवीला एकटीने नाईट देऊ नका.

‘तयार केली की पुण्याला पळते’ ही मालकांची तक्रार मी रोज ऐकतो. काही जणी जातीलही. पण एकटं पाडलं, वर बोलणी खायला लावली, तर ती थांबेल कशाला? आणि जाईपर्यंत पेशंट तिच्याच हातात असतो ना?

तुम्ही काय कराल?

दोनदा सुई लागली नाही तर ‘मोठ्या सिस्टरना बोलवता का?’ असं जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण नवीला हाकलू नका. मोठी सिस्टर शीर शोधत असताना तिला शेजारी उभं राहून बघू द्या. ती काही विचारायला गेली तर ‘हिला काही येत नाही’ असं म्हणू नका. विचारणारी सिस्टर न विचारणारीपेक्षा जास्त सुरक्षित असते. आणि ॲडमिट होताना दवाखान्याला विचारा, ‘रात्री नव्या सिस्टरसोबत अनुभवी कोण असतं?’

एसी रूम आहे का, हे आपण हमखास विचारतो. हा प्रश्न त्याच्या आधी विचारायला हवा.