एका चपट्या पावाचा धडा

रमजानच्या पहिल्या रोजाला मी बरणीत गव्हाचं पीठ आणि पाणी कालवून ठेवलं. लेकीचा हट्ट होता, माहीमच्या आमच्या घरात सावरडो व्हायला हवा. सावरडो म्हणजे विकतचं यीस्ट न घालता, आंबवलेल्या पिठावर फुगवलेला पाव.

रोज थोडं पीठ काढून टाकायचं, तेवढंच नवं पीठ-पाणी घालायचं. दुसऱ्या दिवशी बुडबुडे आले, चौथ्या दिवशी सगळं गप्प. वाटलं, संपलं. पण पिठातल्या यीस्टला आणि आंबटपणा आणणाऱ्या जिवाणूंना जम बसवायला आठवडाभर लागतो. आठव्या दिवशी पीठ दुप्पट फुगलं. शेजारच्या मालवणी काकूंनी बरणी हुंगली आणि म्हणाल्या, "गो बाय, ह्यो आंबोळ्यांच्या पिठाचोच वास!" खरंच की. आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरी सांदणाचं पीठही रात्रभर फुगत ठेवतात. गोव्याचे पोदेर पावाच्या पिठात माडाची सूर घालत. उर्दूत याला खमीर म्हणतात. नाव नवं, वास घरचाच.

५०० ग्रॅम पीठ, ३५० मिली पाणी, १०० ग्रॅम खमीर, १० ग्रॅम मीठ. तरावीहची नमाज झाल्यावर मळून ठेवलं. कृतीत लिहिलेले बारा तास थंड मुलखातले. आपल्या उकाड्यात सहरीला उठले, तर पीठ भांड्याबाहेर! तसंच भाजलं. रोजा असल्याने दिवसभर नुसतं बघत बसले. इफ्तारला खजूर खाऊन पाव कापला. चपटा, आंबट, बुडाला करपलेला. घरच्यांनी खिम्याबरोबर मुकाट्याने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या बेकरीतून पाव आणले. हलके, फुगलेले, एकासारखा एक. आठ दिवस खपून मला एक धड जमला नव्हता. तिथले कारागीर रोजा धरून भट्टीपुढे उभे राहतात आणि लादीमागून लादी काढतात.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. ते योग्यच आहे. तो धूर सर्वांत आधी त्या कारागिरांच्याच छातीत जातो. पण भट्टी बदलण्याचा खर्च एकट्या बेकरीवाल्याने का सोसायचा? हवा सगळ्यांची, तर खर्चातही सगळ्यांचा वाटा हवा. पालिकेने हात द्यावा, आणि आपण पाव रुपया-दोन रुपयांनी महागला म्हणून कुरकुरू नये. कॅफेत सावरडोसाठी शेकडो रुपये मोजताना आपण कुठे घासाघीस करतो?

वडापाव असो, खिमापाव असो की सकाळच्या चहातला पाव, या शहराचं त्याच्यावाचून चालत नाही. रोजा भुकेची जाणीव देतो. ती भूक भागवणाऱ्या हातांचीही जाणीव असावी.

अर्धं खमीर काकूंना दिलं. त्यांनी त्याच्या आंबोळ्या केल्या, आणि इफ्तारला आमच्याकडे धाडल्या. माझ्या पावापेक्षा कितीतरी चांगल्या झाल्या होत्या.