गांधीसागर आणि कार्बनाची नळी

नागपुरातील महाल भागाचा गांधीसागर हा फार जुना तलाव होय. गोंड राजा चांद सुलतान याच्या काळात, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, तो निर्माण झाला व पुढे शुक्रवारी तलाव या नावाने लोकांच्या तोंडी बसला. एके काळी नगर याच तलावाचे पाणी पीत असे. परंतु वस्ती वाढली, सांडपाणी व निर्माल्य त्यात पडू लागले, आणि पिण्याच्या पाण्यासाठी नगराला अंबाझरी, गोरेवाडा, कन्हान असे दूर दूर जावे लागले.

अशा दूषित पाण्यावर उपाय म्हणून हल्ली एका नव्या साधनाचे नाव घेतले जाते. ते म्हणजे कार्बन नॅनोट्यूब. पेन्सिलीतील ज्या कांडीला व्यवहारात शिसे म्हणतात, तिच्यात शिसे मुळीच नसते. ते ग्राफाइट, म्हणजे कार्बनच. त्याचा एका अणूएवढ्या जाडीचा पापुद्रा सुरळीसारखा गुंडाळला असता जी नळी होईल, ती ही नळी. मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातील एखाद-दुसऱ्या भागाएवढी तिची रुंदी! १९९१ साली सुमिओ इजिमा या जपानी शास्त्रज्ञाने अशा, एकीत एक बसलेल्या, नळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष त्यांकडे वेधले.

त्यामागील तत्त्व मात्र जुनेच आहे. पूर्वी वाळू व कोळसा भरलेल्या मडक्यांतून पाणी गाळीत. कोळशाच्या असंख्य छिद्रांच्या भिंतींना पाण्यातील रंग व वास चिकटून राहतात. यास अधिशोषण म्हणतात. नळ्यांचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने अतिशय मोठा असल्यामुळे त्यांना रंगद्रव्ये व शिशासारखे जड धातूही चिकटतात. २००४ साली बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह अशा नळ्यांची गाळणी तयार केली. तिने पाण्यातील रोगजंतूच नव्हे, तर पोलिओचे विषाणूही अडविले.

म्हणून या नळ्या तलावात ओताव्यात, असे कोणी म्हणेल तर तो अविचार ठरेल. मोकळ्या सोडलेल्या नळ्या परत काढणार कशा? लांब, ताठ नळ्यांचा परिणाम ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा होऊ शकतो, असे २००८ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. शिवाय अधिशोषणाने विष नाहीसे होत नाही; ते केवळ जागा बदलते. नळ्या भरल्या की धुवाव्या लागतात, आणि ते धुवण कोठेतरी टाकावेच लागते. वरून सांडपाणी येतच राहिले, तर अशा गाळण्या कितीही आणल्या तरी पुरणार नाहीत.

याच नगरात १९५८ साली स्थापन झालेल्या, आज नीरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, संस्थेने पाण्यातील फ्लोराइड काढण्यासाठी ‘नालगोंडा पद्धत’ शोधली. तिला लागते काय, तर तुरटी आणि चुना! ज्या खेड्यात महागडी गाळणी पोहोचणे कठीण, तेथेही या वस्तू मिळतात.

मग नळ्यांचे संशोधन थांबवावे काय? मुळीच नाही. वाळू व तुरटी यांना दाद न देणारे जे विष पिण्याच्या पाण्यात विरघळून राहते, त्यासाठी गाळणीत घट्ट बसविलेल्या नळ्या हव्यातच. त्या स्वस्त व निर्धोक करण्याचे काम प्रयोगशाळांनी अवश्य करावे. गांधीसागराची निकड मात्र निराळी आहे. त्याच्याकडे येणारे सांडपाणी वळवावे, गाळ उपसावा, निर्माल्यासाठी काठावर कलश असावेत आणि मूर्तींचे विसर्जन कृत्रिम हौदांत व्हावे. यांपैकी एकाही कामासाठी नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.