थंडीचे दिवस आणि गावची शाळा

दिवाळीची सुटी संपते, ट्रंकेतले स्वेटर बाहेर येतात आणि शहरातल्या शाळांमधून सहलींची, स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. आईबापांची धावपळ असते ती नाटकातल्या पोशाखासाठी आणि सहलीच्या डब्यासाठी. गावातल्या लहानशा शाळेचा हिवाळा मात्र याहून फार वेगळा. वाचकहो, आज त्याच हिवाळ्याविषयी थोडे बोलू या.

आमचे चरोदा दुर्ग जिल्ह्यात, हावडा-मुंबई लोहमार्गावर, रायपूर आणि दुर्ग यांच्या मध्ये आहे. पूर्वेला कुम्हारी, पश्चिमेला भिलाई. रेल्वेच्या मोठ्या मार्शलिंग यार्डामुळे हे नाव रेल्वेवाल्यांच्या घराघरांत ठाऊक असते. रेल्वेच्या आणि पोलाद कारखान्याच्या नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे या पट्ट्यात बरीच आहेत. तसे पाहिले तर हा मुलूख आपल्याला परका नाहीच. 1854 पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती आणि 1956 पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभारही नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातूनच चाले. मालगाड्यांचा खडखडाट मागे टाकून पाटणच्या बाजूला थोडे आत गेले, की धानाची शेते लागतात. दोन-तीन खोल्या, एक हातपंप, एक कडुनिंब आणि ध्वजाचा खांब एवढाच पसारा असलेली शाळाही दिसते.

डिसेंबर-जानेवारीत येथे पारा कधी कधी दहा अंशांच्या खाली उतरतो. जाड भिंतींच्या, लहान खिडक्यांच्या वर्गात सकाळी पाय टेकवत नाहीत. मग गुरुजी सतरंज्या बाहेर अंगणात टाकतात. ऊन सरकेल तशा सतरंज्या सरकतात आणि सतरंज्यांबरोबर वर्गही सरकतो. पाहणाऱ्याला वाटते, मुले ऊन खात बसली आहेत. पण हुशार शिक्षकाला याच उन्हात शिकवण्यासारखे पुष्कळ सापडते.

एक उदाहरण सांगते. 22 डिसेंबरच्या सुमारास चरोद्याला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण पंचेचाळीस अंशांवर असतो. त्यामुळे त्या वेळी काठी जेवढी उंच, तेवढीच तिची सावली. मीटरभर काठी रोवली की मीटरभर सावली! मग त्याच क्षणी ध्वजाच्या खांबाची सावली मोजायची, म्हणजे खांबावर न चढता खांबाची उंची कळली. तीच मीटरभर काठी 26 जानेवारीला पुन्हा रोवून पाहावी. सावली आता चौऱ्याऐंशी सेंटिमीटरच्या आसपास भरते. सूर्य उत्तरेकडे सरकला हे मुलांना फळ्यावरच्या आकृतीशिवाय समजते. आणखी एक गंमत. भारताची प्रमाणवेळ ज्या रेखावृत्तावरून ठरते, ते छत्तीसगडमधूनच जाते. म्हणून येथे घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा यांत 22 डिसेंबरच्या सुमारास जेमतेम तीन-चार मिनिटांचा फरक पडतो. मुंबईच्या मुलांना त्यासाठी साडेबारानंतरही थांबावे लागेल. नागपूरचे अक्षांश जवळजवळ चरोद्याइतकेच असल्याने तेथल्या वाचकांनी सावलीचा हा प्रयोग आपल्या गच्चीवर अवश्य करून पाहावा.

शाळेच्या कुंपणापलीकडे तर गणिताचे, परिसर अभ्यासाचे पुस्तकच उघडलेले असते. धानाची कापणी म्हणजे इथली ‘लुवाई’, मळणी म्हणजे ‘मिंजाई’ आणि खळ्याला म्हणतात ‘बियारा’. कापणी झालेल्या शेतात लहान मुले सरवा वेचतात, त्याला ‘सिला’ म्हणतात. उभ्या धानातच कापणीच्या पंधरवडाभर आधी लाखोळी किंवा अळशी फेकून पेरायची आणि धान निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर ते पीक घ्यायचे, या पद्धतीला ‘उतेरा’ असे नाव आहे. आपल्या पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्याला हे सांगायलाच नको. जुने लोक धान अजून काठ्याने मोजतात. वीस काठ्यांची एक खंडी. आपल्याकडे मेंढरांची खंडी म्हणजेही वीसच. पाढ्यांतला विसाचा पाढा या मुलांनी शाळेत येण्याआधीच आजोबांजवळ बसून ऐकलेला असतो. तो पुस्तकातल्या आकड्यांशी जोडून देणे एवढेच शिक्षकाचे काम.

पौष पौर्णिमेला येतो छेरछेरा. नवे धान कोठीत पडलेले असते. त्या दिवशी मुले टोपल्या-पिशव्या घेऊन, आरोळ्या देत घरोघर धान मागत फिरतात. घरची बाई सूप भरून बसलेली असते आणि प्रत्येकाच्या झोळीत ओंजळभर धान घालते. श्रीमंत-गरीब असा भेद त्या दिवशी नसतो. कोणाला विन्मुख पाठवायचे नाही, ही रीत. आपल्याकडे याच सुमारास संक्रांत येते, बोरन्हाणात लहानग्याच्या डोक्यावर बोरे-चुरमुरे ओततात. दोन्हीकडे भावना एकच, की नव्या हंगामाचा पहिला वाटा लेकरांचा.

दुपारी शाळेच्या स्वयंपाकघरातून वरणाचा वास येऊ लागतो. मध्यान्ह भोजनाची राष्ट्रीय योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली, तेव्हा अनेक राज्यांत मुलांना नुसते धान्य घरी मिळे. 28 नोव्हेंबर 2001 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेले गरम जेवण देणे बंधनकारक झाले. प्राथमिक वर्गातल्या मुलामागे दिवसाला शंभर ग्रॅम धान्य, असे प्रमाण आहे. हिवाळ्यात त्या ताटाला शोभा येते ती भाजीची. शाळेच्या परसात चार वाफे असले तर पालक, मुळा, मेथी, टोमॅटो या दिवसांत सहज येतात. हातपंपाखाली सांडलेले पाणी वाफ्यांकडे वळवायचे काम मुले आनंदाने करतात.

म्हणजे पाहा, शिकायला याहून चांगले दिवस वर्षात दुसरे नाहीत. पावसाळ्यात छप्पर गळते, वाटेत चिखल असतो. उन्हाळ्यात डोके तापते. हिवाळ्यात अंग उबदार ठेवले की मन लागते. आणि नेमक्या याच दिवसांत गावच्या शाळेचा हजेरीपट सर्वांत जास्त गळतो. माझ्या मते गावच्या शाळेचे खरे दुखणे हे आहे.

याची कारणे आळसात शोधू नयेत. कापणीच्या दिवसांत आई पहाटेच शेतावर जाते आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला घरात राहते ती बहुधा दुसरी-तिसरीतली मुलगी. हे दोन-चार आठवड्यांचे. याहून कठीण प्रकार मळणीनंतरचा. धान विकून झाले, देणी फिटली, की कोरडवाहू गावांतली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामावर परमुलखात जातात. परततात ती पावसाच्या तोंडावर. पहिली चाचणी दिलेले मूल वार्षिक परीक्षेला नसते. असे दोन-तीन हिवाळे गेले, की ते मूल वर्गात बसायलाच लाजू लागते. वयाने मोठे आणि वाचनात मागे! मग एके दिवशी त्याचे नाव कटते.

महाराष्ट्रात हेच चित्र उसाच्या फडावर दिसते. दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून बैलगाड्या, ट्रक भरून ऊसतोड कुटुंबे निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. तेथे या प्रश्नावर दोन वाटा काढल्या गेल्या. कारखान्याच्या आवारात साखरशाळा भरवण्याची एक. मुलांना गावातच ठेवून त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहे, ही दुसरी. दोन्हींत उणिवा राहिल्या, पण ज्या गावात आजी-आजोबा आणि शिक्षक मिळून मूल थांबवून धरतात, तेथे ते मूल पुढे शिकते, हा अनुभव आहे.

शाळेने मुलाच्या सोयीने वागावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि 1957 मध्ये ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला नेले. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. गुरे चरत असताना मुलांनी शिकायचे. ती ‘कुरणशाळा’. येणारे मूल धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येते, तर त्या भावंडाचीही सोय तेथेच करायची. अंगणवाडी हा आज देशभर रुळलेला शब्द ताराबाईंच्याच कामातून पुढे आला. लुवाईच्या दिवसांत अंगणवाडी वेळेवर आणि पूर्ण वेळ उघडी राहिली, तर कितीतरी मोठ्या बहिणी शाळेत येऊ शकतील.

कायदाही या मुलांच्या बाजूने आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला एका शाळेतून दुसऱ्या सरकारी शाळेत जाण्याचा हक्क दिला आहे, मग ती शाळा दुसऱ्या राज्यात का असेना. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यावा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. वर्ष अर्धे सरले म्हणूनही नाही म्हणता येत नाही. शाळेचे वार्षिक वेळापत्रक ठरवण्याचे काम कायद्याने स्थानिक प्राधिकरणाकडे दिले आहे. तेव्हा कापणीच्या दिवसांत शाळेची वेळ किंवा सुटी थोडी मागेपुढे करणे अशक्य नाही. अडचण एवढीच, की हे ज्याला ठाऊक असायला हवे तो बाप त्या वेळी ट्रकमध्ये बिछाना बांधत असतो.

गैरहजेरीचे आणखी एक कारण फारसे बोलले जात नाही. छत्तीसगड आणि विदर्भ हा सिकलसेल आजाराचा पट्टा आहे. हा आजार रक्तातला आणि आनुवंशिक. अशा मुलाला थंडी बाधली किंवा पाणी कमी पडले, की हातपाय, कंबर, छाती यांत असह्य वेदना उठतात. हिवाळ्यात मुले पाणीही कमीच पितात. असे मूल वरचेवर ‘अंग दुखते’ म्हणून घरी राहिले, तर त्याला कामचुकार ठरवू नका. रक्ताची तपासणी करून घ्या. आजार पूर्ण बरा होणे अवघड असले तरी औषधांनी वेदना पुष्कळ कमी राखता येतात. जुलै 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून सरकारी रुग्णालयांत तपासणीची सोय आहे. अशा मुलाला ऊबदार कपडे, कोमट पाण्याने आंघोळ आणि वर्गात केव्हाही पाणी पिण्याची, लघवीला जाण्याची मोकळीक हवी.

हिवाळ्याचा दिवसही लहान. डिसेंबरअखेर येथे दिवस जेमतेम पावणेअकरा-अकरा तासांचा असतो, जूनच्या दिवसापेक्षा अडीच तासांनी कमी. शाळा घरापासून चार पावलांवर असली, तर शेतात मदत करून मूल अर्धा दिवस तरी डोकावते. लांब असली तर अंधार पडायच्या आत मुलगी घरी यावी म्हणून आई तिला पाठवतच नाही. 2025 मध्ये छत्तीसगडमध्ये दहा हजारांहून अधिक शाळांचे एकत्रीकरण झाले. त्यांतल्या बहुसंख्य शाळा एकाच आवारातल्या होत्या, तेथे मुलांच्या चालण्यात फरक पडला नाही. पण जेथे अंतर वाढले, तेथे पटसंख्येबरोबर वाटेचाही हिशेब मांडायला हवा. महाराष्ट्रातल्या कमी पटाच्या वाड्यावस्त्यांवरील शाळांनाही हेच लागू आहे.

मग आपण काय करू शकतो? स्वेटर-कांबळी वाटायची तर जानेवारीतल्या समारंभाची वाट न पाहता नोव्हेंबरमध्येच द्यावी. घरी कामाला येणाऱ्या बाईला, शेजारच्या बांधकामावरच्या मजुराला एकदा विचारावे, ‘मुलं कोणत्या शाळेत जातात?’ जात नसतील तर जवळच्या सरकारी शाळेत त्यांच्याबरोबर जावे. दाखला नाही म्हणून शाळा अडवू शकत नाही, हे आता आपल्याला ठाऊक आहे. गावाकडे आपले घर, नातेवाईक असतील तर ज्या आजीजवळ नातवंड मागे राहिले आहे तिची विचारपूस करावी, तिला चार महिन्यांचा थोडा आधार द्यावा. सुटीत गावी जाल तेव्हा शाळेत एक दिवस द्या. गोष्ट वाचून दाखवा, काठीची सावली मोजा, वाफ्यात मेथी पेरा.

छेरछेऱ्याच्या दिवशी दारात आलेल्या लेकराला रिकाम्या झोळीने परत पाठवायचे नाही, अशी या मातीची रीत आहे. ती एका पौर्णिमेपुरती न ठेवता सबंध हिवाळाभर पाळली, तर फेब्रुवारीतल्या हजेरीपटावरही तीच नावे दिसतील, जी जुलैत लिहिली होती.